खात्री कमी

ट्रोम्सोत नोव्हेंबर संपता संपता सूर्य रजेवर जातो.
रांगहिल्डच्या टेबलावर तेव्हा
एक हजार चारशे बारा लेख होते, प्रश्न एकच:
अंधाराच्या महिन्यांत रोज सकाळी अर्धा तास
पांढऱ्या दिव्यासमोर बसलं, तर झोप सुधारते का?

आम्ही दोघींनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून निवडलं,
एकमेकींना न विचारता,
कारण डोळे थकले की खडाही तांदळासारखा दिसतो.
उरले एकतीस.

याआधीचा एक आढावा होता, देखणा.
रंगीत तक्ते, दोनशे संदर्भ,
शेवटी ठाम वाक्य: दिवा लावा.
रांगहिल्ड म्हणाली, "शेवटून वाचू नकोस.
कुठे शोधलं, काय टाकलं, का टाकलं,
ते सांगितलंय का बघ."
नव्हतं सांगितलं.
साठ संदर्भ एकमेकांची री ओढत होते,
आणि री जिथून सुरू झाली तिथे
बोडोच्या एका शाळेतले अडतीस शिक्षक,
चार लेखांत चार वेळा मोजलेले.
शितावरून भाताची परीक्षा ठीक,
पण इथे एकाच शिताची चार पातेली.

मग तिने ठिपके मांडले, उलट्या नरसाळ्यासारखे.
उजवीकडे दाटीवाटी,
डावा कोपरा मोकळा.
"इथे कोणीतरी असायला हवं होतं,"
पंगतीतल्या रिकाम्या पाटाकडे बघावं तशी ती बघत होती.

नऊ पत्रं लिहिली. उत्तर एक,
हामरफेस्टहून, निवृत्त डॉक्टर अर्विड स्कुगहाइम यांचं:
"शहाण्णव मच्छीमार, दोन हिवाळे.
काहीच घडलं नाही, म्हणून छापलं नाही.
आकडे तळघरात आहेत.
बायको म्हणते, घेऊन जा एकदाचे."

खोकं बोटीने आलं.
त्यातला बावन्न नंबरचा माणूस रोज लिहायचा:
"झोप नाही. दिवा छान आहे."

आकडे भरले.
तक्त्याच्या तळाशी, रेषेपासून दूर
ऐटीत उभा असलेला हिरा
सरकला, आणि त्याचं एक टोक
रेषेला टेकलं.

शेवटच्या वाक्यावर तीन दिवस गेले.
मी लिहिलं, "उपयोग नाही."
तिने खोडलं. "ते तरी आपल्याला कुठे माहीत आहे?"
उरलं ते एवढंच: कदाचित थोडा फायदा; खात्री कमी.
संपादकांना ते फिकं वाटलं.

त्या संध्याकाळी, म्हणजे दुपारी दोनला,
तिने तिचा अकरा वर्षांपूर्वीचा पांढरा दिवा लावला.
मी बघतच राहिले.
"वाचायला," ती म्हणाली.
पान उलटलं.
"आणि छान आहे."