आकडा

सकाळी सातला नोल्बेर्तो पाण्यातून वर येतो.
आधी बुडबुडे, मग निळं पोतं, मग तो.
पोतं फळीवर पालथं करतो आणि म्हणतो,
"मोज, एर्सिरा."

मी मोजते.
दालकावेच्या शाळेत गणितात मला पैकीच्या पैकी असायचे.
बाई आईला म्हणाल्या होत्या,
पोरीला आकडे धार्जिणे आहेत.
खरंच निघालं ते.
आकड्यांवरच चालतं आमचं घर,
छपराचा नवा पत्रा, शेगडीतलं लाकूड,
मायतेनचा चष्मा.

तीन नंबरच्या पिंजऱ्यात आज अकरा हजार दोनशे.
कल्ल्यांवर राखाडी साय,
पाठीला बोट लावलं तर कातडं बोटाबरोबर येतं.
अकरा हजार दोनशे तोंडात धरून
मी तरंगत्या ऑफिसचा जिना चढते.
आलिरो पडद्यावरची नजर न काढता विचारतो,
"चार हजार ना?"

मी चार हजार लिहिते.
खोडाखोड करावी लागत नाही कधी,
फक्त लिहायचं नसतं.
सात हजार दोनशे सामन मासे
माझ्या सहीने जिवंत राहतात,
कागदावर पोहतात, खाणं खातात, वजन धरतात.
त्यांच्या नावावर औषधही येतं.

रात्री एक बोट दिवे न लावता निघते.
कुठे, ते मी विचारलेलं नाही.
दुसऱ्या दिवशी वारा सांगतो.

नोल्बेर्तो मेलेले ओढतो तो आकडा लोखंडी,
मी लिहिते तो शाईचा.
कुठला जास्त रुततो, माशाला कसं विचारणार.

माझे वडील चाळीस वर्षं शिंपले काढायचे.
अजून जातात ओहोटीला,
रिकामी बादली उंबऱ्याशी ठेवतात, बूट काढतात,
मला एका शब्दाने बोलत नाहीत.
बोलले असते तर मी भांडले तरी असते.
एकदा मात्र त्यांनी बशीत मूठभर चिखल आणला,
तळाचा, काळा,
आणि माझ्या पावाशेजारी ठेवला.
"वास घे."
मी म्हटलं, जेवणाच्या टेबलावर?
मला तेवढंच सुचलं.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
इथे चहूकडे मीठच आहे,
कुणाच्या मिठाला जागू?

राजीनामा तीनदा लिहिला.
एकदा तर शुद्धलेखनही तपासलं.
मग रोसामेल आठवला. तो गेल्या मार्चमध्ये सोडून गेला,
ताठ मानेने, सगळ्यांशी हात मिळवून.
आता लाकडं फोडतो, तीही उधारीने विकतो,
कारण या दोन बेटांवर
पगार देणारा हात एकच आहे.
बाजारात भेटला तर मीच रस्ता बदलते,
त्याने नव्हे.

म्हणून मी वही ठेवली.
मायतेनची जुनी, हत्तीच्या चित्राची,
पिठाच्या डब्यामागे.
तारीख, पिंजरा, खरा आकडा, लिहिलेला आकडा.
कुणाला दाखवायची, ते अजून ठरलेलं नाही.
खरं सांगायचं तर
लिहून झालं की मला झोप लागते,
आणि त्या झोपेचीच मला भीती वाटते.

काल मी बटाटे सोलत होते.
वही टेबलावर उघडी, तिच्यावर मायतेन वाकलेली,
चष्मा नाकावर घसरलेला.
"आई, तू वजाबाकी केलीच नाहीस."
आणि तिने केली. हातचा घेऊन, नीट,
ओळीमागून ओळ, मे महिन्यापासून.
"एवढी बाकी कुठे गेली?"

मी पुढचा बटाटा घेतला.
वडील शेगडीपाशी होते, त्यांनी वर पाहिलं.
मायतेनने पट्टी शोधली
आणि प्रत्येक उत्तराखाली दोन रेघा मारायला घेतल्या,
शाळेत शिकवतात तशा,
दाबून,
मागच्या पानावर उमटतील इतक्या.