मापात पाप

बर्नाडेट रोलेडर आली तीच घाईत,
हातात चार घड्या घातलेला कागद.
फ्रेम छप्पन्न. क्रँक एकशे बहात्तर. स्टेम लांब.
"एवढं बनवून दे, लेलंड. खडीच्या रस्त्यांसाठी.
बाकी डोकं लावू नकोस."

मी कागद उलटा ठेवला टेबलावर.
पाठीमागे जुन्या सायकलची पावती निघाली,
एकोणीस वर्षांपूर्वीची. नाव: क्लेमेन्स रोलेडर.

कॅन्ससच्या या टोकाला झाडं नव्हती.
आमच्या पणजोबांनी कुंपणाचे खांबसुद्धा
चुनखडीतून कापून काढले.
दगड एकदा जास्त कापला गेला
की रडून भेगा सांधत नाहीत.
शेती माझ्यापर्यंत पोचली नाही, ही धास्ती पोचली.

"बूट काढ," म्हटलं. "भिंतीला पाठ लाव."
मांड्यांमध्ये धरायला दिला
ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा जाडजूड कॅटलॉग,
त्याच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप सोडला.
चौऱ्याहत्तर, वर एक केस.
वाकायला सांगितलं, बोटं नडगीच्या मध्यावर अडली.
उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली:
तीस वर्षं गावोगाव टपाल वाटलं तिनं,
गाडीच्या मधोमध बसून,
डाव्या हातात स्टिअरिंग,
उजवा हात पलीकडच्या खिडकीतून लोकांच्या पेट्यांपर्यंत.
उंची सांगितल्यापेक्षा चार सेंटीमीटर कमी भरली.

"तुझा टेप आटलाय."
"टेप आटत नाही, बर्नाडेट."

मग मानेबद्दल विचारलं.
मान दुखतेच, म्हणाली, वय झालं.
आणि करंगळी? शेजारचं बोट?
बधिर होतात. आईचीही व्हायची.
क्लेमेन्सनं मोटरबोट घेतली त्या वर्षी
सायकल हिच्याकडे आली, अंगातल्या कोटासारखी,
आणि बाह्या लांब आहेत
हे तिला कुणी सांगितलं नाही.

"एक्कावन्न," मी म्हणालो.

ती बाहेर गेली. माझ्या कोंबड्यांकडे बघत उभी राहिली
बराच वेळ.
परत आली ती भांडायलाच:
एक्कावन्न म्हणजे पोराटोरांचं माप,
क्रँक एकशे पासष्ट म्हणजे चमचा,
आणि पुढे एकच चक्र? क्लेमेन्सकडे दोन होती.
मी म्हटलं, इथे चढ कुठे आहे? वारा आहे.
चढाला कधीतरी उतार येतो,
वारा परतीच्या वाटेवर तोंड फिरवून वाटच बघत असतो.
पुढे अडतीस पुरे, मागे चव्वेचाळीसपर्यंत जाऊ.
टायर पंचेचाळीसचे,
पण फोर्कमध्ये त्याहून मोकळी जागा,
पाऊस झाला की इथली माती चाकाला कणकेसारखी चिकटते.
हँडल खाली पसरट. बॅटरीचे गिअर तिनंच नाकारले:
"तार दे. तार तुटली तर दिसते तरी."

इतकं झाल्यावर हळूच:
"छप्पन्नचं केलं आणि स्टेम आखूड लावला तर?"

तसं करणारे आहेत. पैसे तेवढेच घेतात.
आमच्याकडे मापात पाप चालत नाही, म्हटलं,
आणि लगेच वाटलं,
किती सहज बोलतोय मी, स्वतः भावाच्या सायकलीवर फिरणारा.

ऑगस्टमध्ये नळ्या सांधल्या. पितळ नीट वाहिलं,
एका जागी नाही वाहिलं, ती जागा मी दोनदा घासली.
रंग तिनं सांगितला तो: खांबांचा, पावसात भिजलेल्या.

ती बसली. कोपरं आपोआप वाकली.
मी काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही,
नुसती मान इकडे केली, तिकडे केली,
कुलूप उघडतंय का बघावं तशी.

मग निघाली. फाटकापाशी माझी टपालपेटी आहे.
जुन्या सवयीनं तिचा उजवा हात बाहेर आला,
खांदा मात्र जागच्या जागी,
आणि जाता जाता झाकणावर बोटांची पेरं वाजली
टक्.
आत काही टाकलं नव्हतं. मी जाऊन पाहिलं.