अभिप्रायाचं पान

खळीत मोरचूद घातलं की कसर लागत नाही,
हे मला बाबी कुबलांनी शिकवलं, याच पडवीत.
आज तीच निळसर खळ बोटांना फासून
मी देवगडच्या या वाचनालयाचं दाखल क्रमांक चारशे सतरा
शिवायला घेतलंय: 'प्लुटोवरचा पहारेकरी'.
चित्रकथा. सन चौऱ्याहत्तर. किंमत सव्वा रुपया.

लाल रंग छापताना सुतभर सरकलेला,
म्हणून नायकाचे ओठ त्याच्या गालावर,
आणि रॉकेटची आग रॉकेटच्या बाजूला,
शेजाऱ्याची असल्यासारखी.

पुठ्ठ्याच्या आत बाबींनी डकवलेला वहीचा कागद.
"वाचकांनी मत येथेच मांडावे.
चित्रांना मिशा काढू नयेत."

सगुण तांडेल, अक्षर दोरीच्या गाठींसारखं:
"जहाजाक नांगर खंय?
वारो पडलो तर ह्या जातला खंय?"
खाली दुसरी शाई: "तांडेल, थंय वारो नसता."
आठवड्याने पुन्हा तांडेल:
"मगे बाराव्या पानार शीड कित्याक काढल्यानी?"

मी बारावं पान उघडतो.
आहे. शीड आहे.
पन्नास वर्षांत कुणीच उत्तर दिलेलं नाही.

परुळेकर मास्तरांनी दहापैकी सहा गुण दिलेत,
"विज्ञान अशुद्ध, शुद्धलेखन बरे",
आणि त्यांना हलिमा सोलकरने कोपऱ्यात गाठलंय:
"राक्षसाला हात दहा, पण बोटं माणसाची.
ज्याने आयुष्यात माकूल साफ केलं नाही
त्याने राक्षस काढायला बसू नये."

एकाने नाव लिहिलेलं नाही, फक्त 'दीपगृह'.
"एकटा माणूस पहाऱ्यावर इतका बोलत नाही.
फुगे कमी करावेत."
बस्स. त्याची बदली झाली असणार,
पुढे ते अक्षर कुठेच नाही.

मग बरीच वर्षं कोरी, नुसता चहाचा एक डाग,
आणि अचानक जेल पेन, गुलाबी:
"प्लुटो आता ग्रह नाही. पुस्तक रद्द करावे."
त्याखाली लगेच कुणीतरी:
"मगे पहारेकऱ्याक पगार कोण देतलो?"

पण सगळ्यात जास्त गर्दी आहे शेवटापाशी,
कारण शेवटचं पान फाटलेलं.
तो मेला, असं तिघांचं मत.
बायको त्याला आणायला जाते, असं एकीचं.
रुझाय फर्नांडिस लिहितो, तो खाली उतरतो,
आपल्याच खाडीत, ओहोटीला, गुडघाभर चिखलात,
आणि कोण कुठचा ते त्याला कुणी विचारत नाही.
हे वाचून मी सुई खाली ठेवली.

पान मी फाडलं होतं.
अकरा वर्षांचा होतो, सदऱ्याच्या आत छातीशी धरून
जेटीपर्यंत पळालो. घामाने ग्रह विरघळला,
बनियनवर निळा गोल उतरला,
आईने तीनदा धुतलं तरी गेला नाही.

आणि त्या पानावर काय होतं, तर
तो रेडिओपाशी बसून विचारतो, "कोणी ऐकतंय का?"
बाकी सगळी काळी शाई,
उजव्या कोपऱ्यात, मुंगीएवढं: क्रमशः.

दोन वर्षं मी एसटी स्टँडवरच्या रावजी पेपरवाल्याला
पुढचा अंक विचारत राहिलो.
तो म्हणायचा, गाडी येऊ दे.

कागदावर आता दोन बोटं जागा उरलीय.
एवढ्यात कबुली मावेल, आरामात मावेल.
पण मग रुझायचा माणूस चिखलात उभा आहे त्याचं काय करायचं?
आणि ते तिघे, ज्यांनी त्याला मारून टाकलं,
त्यातल्या दोघांना तर मीच खांदा दिलाय.

खळ वाळत आलीय.
मी वहीचा नवा कागद फाडतो,
जुन्याच्या समोर डकवतो, तळव्याने दाबतो,
आणि सगळ्यात वर, बाबींसारखंच जमेल तेवढं अक्षर काढून लिहितो:
मिशा काढू नयेत.