यायची आहे

शार्दूलनं लॅपटॉपवर एक गोल काढला,
पोळीसारखा कापला,
पिवळ्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाला,
मावशी, हे फार झालंय.
म्हातारपणाच्या पुंजीत सोनं दहा टक्के असावं, फार तर पंधरा.
तुझं एकतीस आहे.

मी म्हटलं, मी काही केलं नाही बाबा,
ते आपलं आपण वाढलं.
तो म्हणाला, म्हणूनच विकायचं.

वाढलं म्हणून छाटायचं,
हे मेंदीच्या कुंपणाचं मला कळतं.

आयोडेक्सची काळी बाटली टेबलावर उपडी केली.
चौऱ्याहत्तर वेढणी,
ग्रॅम ग्रॅमची, बिननक्षीची.
एकही कधी बोटात घातलं नाही,
एकही कोणी दिलेलं नाही.

पहिलं घेतलं तेव्हा मी एकोणतीसची,
टेलिफोन एक्स्चेंजात ट्रंक ऑपरेटर.
गुरुपुष्य होता, पगार होऊन तीन दिवस.
सराफ्यात बागमलजींनी आधी पंखा बंद केला,
मग चिमट्यानं वेढणं काट्यावर ठेवलं
आणि काटा थांबेपर्यंत दोघंही श्वास धरून बसलो.
किसके लिए, बाईजी? भांजी के लिए?
म्हटलं, एका म्हातारीसाठी.
घर में हैं?
नाही. यायची आहे.

मग गुरुपुष्य आला की जायचे.
दरवेळी नाही. बाबांच्या ऑपरेशनच्या वर्षी एकही नाही,
एका वर्षी चार.
टेम्पो सोडून पायी चालायचे.
संध्याकाळी सराफ्याची शटरं पडायची,
त्याच पायऱ्यांवर शेगड्या यायच्या,
आणि एक्स्चेंजातल्या मुली म्हणायच्या, थांब ना गं.
मी म्हणायचे, पोट बिघडलंय.
किती वर्षं बिघडावं एखाद्याचं पोट!

खरं सांगते, त्या म्हातारीचा मला राग यायचा.
ओळख ना पाळख,
आणि माझ्या ताटातलं खाऊन राहिली होती.

रात्रपाळीत कानाला हेडफोन.
नागपूर जोडा, भावनगर जोडा.
लोक तीन मिनिटांत ओरडून घ्यायचे, रडून घ्यायचे,
मी मध्ये बसलेली, ऐकत नसल्यासारखी.
वाटायचं, आपणही एक कॉल लावून ठेवलाय,
फार लांबचा.
लाइन मिळेल तेव्हा मिळेल.
पलीकडे कोणी उचलेल का,
तेही माहीत नाही.

काल चाळीस वेढणी घेऊन गेले.
गादीवर आता बागमलजींचा नातू.
मशीनच्या डबीत ठेवलं की पडद्यावर कॅरट उमटतं,
पंखा बंद करावा लागत नाही.
त्यानं एक वेढणं नाकाशी नेलं, हसला:
आजी, सोन्यालाही गुडघेदुखी?
मग वही उघडली,
किसके नाम से लिखूं?

मी नाव सांगितलं.
तेच, पहिल्या पावतीवरचं.
बदलायचा प्रसंग आला नव्हता.

पैसे खात्यात गेले.
आता शार्दूलच्या गोलात हिरवा तुकडा मोठा होईल,
पिवळा आखडेल,
त्याचा जीव खाली बसेल.
एका वेढण्याचे मात्र मी रोख मागून घेतले
आणि पायरीवर बसून राहिले
शटर पडेपर्यंत.

शेगडी आली. कढई आली.
मी दोन प्लेट गराडू सांगितले.
पोऱ्यानं इकडेतिकडे बघितलं,
दूसरी प्लेट?
ठेव म्हटलं.

हेडफोननं चपटे झालेले केस,
हातात घट्ट धरलेली पर्स,
पाच पावलांवरून घाईनं निघून जायची ती.
एकदाही इकडे पाहिलं नाही तिनं.
मी हाक मारणार होते,
पण नावानं मारायची म्हणजे
आपल्यालाच मारल्यासारखं.

दुसरी प्लेट निवली. तीही खाल्ली,
वरचं लिंबू-मसाल्याचं पाणीसुद्धा.

रात्री पोट खरंच बिघडलं.
ओवा चघळत स्वयंपाकघरात बसले,
बाटलीत चौतीस मोजली,
पुन्हा मोजली,
आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात
पुढचा गुरुपुष्य कधी आहे ते
उगाच
सवयीनं पाहिलं.