विषय चौथा

रविवार, साडेदहा. गणपूर्तीला एक माणूस कमी,
म्हणून पदेराला पावांच्या पाटीसकट आत बोलावलं.
विषय चौथा : मानशीचं दार.
सरपंच म्हणाले, खात्याला पत्र गेलंय.
मी सचिव; जावक क्रमांकही वाचून दाखवला.

तेवढ्यात पिएदाद उठली,
पिशवीतून दाराची फळीच काढली
आणि ठेवली माझ्या वहीवर.
किड्यांनी पोखरलेली, ओली,
आत एक कुर्ली, जिवंत.
"हें वाच," म्हणाली.

कुणी हसलं नाही.
तिकडे खाजनात भरती चढत होती,
पत्राची वाट न बघता.

विसू गावड्याने सुताराच्या मजुरीसाठी
पदेराचीच रिकामी पाटी फिरवली.

ते पान दर आषाढात ओलसर होतं,
कडेला मीठ धरतं.
लेखापरीक्षकांनी विचारलं, हे काय?
म्हटलं, तिची सही.