वजन

ट्विन फॉल्सच्या बाहेर, डीलरच्या खडीवर उभा राहून
ऑरिन पावतीच्या पाठीवर आकडे मांडतो.
मोठा कॅम्पर, संडास-शेगडी-कपाटासकट,
पिकअपवर चढवला
की एका चार्जचे तीनशे मैल होतात दीडशे.
वारा समोरून असला तर त्याहून कमी.
"आणि आयडाहोत वारा," तो म्हणतो, "समोरूनच असतो."

मार्व्हल ऐकत नाही.
ती आत जाऊन बसलीय, संडासाचं दार लावून,
नुसतीच.
गुडघ्यांना सांगतेय,
रात्री दोनला हे असं असेल.

शेजारचा हलका, कापडी भिंतींचा,
छत ढकललं की छत्रीसारखा उघडणारा.
विकणारा पोरगा भिंतीवर टिचकी मारतो.
आवाजच होत नाही.

ऑरिन पुन्हा बेरीज करतो:
पाणी, गाद्या, बिडाचा तवा,
स्वतःचं पोट, खरं खरं.
हातचा विसरतो. खोडतो.

ती उतरते, एकेक पायरी,
कापडाला कान लावते.
पलीकडे कुणी ट्रेलर धुतंय,
पाणी जसंच्या तसं ऐकू येतं.

"हाच घे.
पण मी उठले की तूही उठायचंस,
बॅटरी धरायला."

ऑरिन यादीत शेवटी लिहितो:
बॅटरी, हातातली. अर्धा पौंड.