बंद पाइप

न्हावाशेव्याहून आलेला कंटेनर उघडला
तेव्हा जालन्यात पहाटेचे चार वाजले होते.
काट्यावर मी. चोवीस टन तीनशे.
कागदावर एवढंच: भंगार, अमेरिका.

मेहताबचाचा हातोडी घेऊन ढिगावर चढले.
प्रत्येक नळीला एक टकोरा, मग कान.
पोकळ आणि बंद असेल ते बाजूला काढायचं,
भट्टीत गेलं की फुटतं.
सखाहरीचा डोळा असाच गेला.

रुळाचा एक तुकडा निघाला.
गंजावरून बोट फिरवत मी वाचलं: पिट्सबर्ग.
"गाव हाय का?"
"शहर आहे, चाचा."
"काय पिकतं तिथं?"

दहावीच्या पुस्तकातलं आठवलं तेवढं सांगितलं.
तळ्याकाठी लोखंडाची लाल माती,
नदीच्या बगलेला कोळसा,
भोक पाडावं तर पाण्याऐवजी तेल.
मग कुणी वितळल्या लोखंडातून वारा फुंकला,
त्याचं पोलाद झालं.
कुणी तारेवरून टकटक धाडली शंभर कोसांवर,
कुणी काचेच्या फुग्यात
उजेड कोंडून ठेवला रात्रभर.
"अन् माणसं?"
माणसं जहाजानं आली. काही साखळदंडात.
जमीन ज्यांची होती
त्यांना कुणी विचारलं नाही.

चाचांनी तंबाखू मळली.
"आपल्याकडं खणलं की दगड,
दगडाखाली दगड.
तरी म्हणायचं, जालना सोन्याचा पाळणा."
पाळणा आहे की, मी म्हणालो,
सोनं दुसऱ्याचं, झोका आपला.
ते हसले नाहीत.
हातोडी थांबली होती.

टक्.
पुन्हा टक्.
वीतभर जाडीचा पाइप, दोन्ही तोंडं झाळलेली.
बाबाराव ड्रिल घेऊन आला. आम्ही मागं सरलो.
भोक पडलं आणि फुस्स,
एवढंच.

कधीची हवा असेल ती?
कुणीतरी डबा खाऊन, हात पुसून
शेवटचा टाका घातला असेल,
आणि आत राहिली
तिथली एक दुपार.
चाचांनी नाक जवळ नेलं.
"कशाचा वास येतो?"
"कशाचाच नाही. जरासा तेलाचा."

सातला रूळ भट्टीत गेला.
काळ्या काचेतून नुसतं पांढरं दिसतं,
अक्षरं आधी विरली की लोखंड, कळत नाही.
रात्री बारा एमएमची सळई निघाली,
अंगावर आमच्या कंपनीचा शिक्का.
मंठ्याला पाण्याची टाकी होतेय, तिकडं जाईल.

काट्यावर मी. बावीस टन आठशे.
घटीच्या रकान्यात लिहिलं: दीड टन.
गंज, रंग, माती.
हवेला रकाना नव्हता.